अण्णांची उरलेली प्रत

अण्णा गेल्यावर तिनं ॲपमध्ये वडिलांच्या नावापुढे 'निधन' अशी नोंद स्वतःच्या हातानं केली होती. तरी सकाळी आठला तिचा फोन बोलायचाच, "अण्णा, गोळी घेतली का?" वयस्कांना औषधाची आठवण करून देणारं हे ॲप तिनंच लिहिलेलं. चूक कुठे आहे ते तिला पहिल्याच दिवशी कळलं, पण ती मूग गिळून गप्प बसली. त्या रिकाम्या घरात अण्णांचं नाव घेणारं दुसरं होतं कोण?

चूक तिच्याच हट्टाची. प्रोग्रॅममधला 'व्यक्ती' हा टाइप, म्हणजे माणसाच्या माहितीचा साचा, ठरवताना ऑफिसातले सगळ्यात जुने, सगळ्यांचे काका, म्हणाले होते, "आकड्याची प्रत आपोआप होऊ दे, चार म्हणजे चारच. माणूस बदलतो गं. त्याची प्रत ज्याला हवी, त्यानं 'क्लोन' असं लिहून काढावी."

"दर ठिकाणी 'क्लोन' लिहीत बसायचं? काका, तुमचं आपलं काहीतरीच!" म्हणत तिनं आपलंच घोडं पुढे दामटलं. मग प्रोग्रॅम न विचारता प्रती काढत सुटला. निधनाची नोंद एका प्रतीत झाली, गजराकडच्या प्रतीत माणूस ठणठणीत राहिला.

आज एका ग्राहकाचा फोन आला. "बाबा गेले हो. पण तुमचा गजर वाजला की आई अजून पाण्याचा पेला घेऊन उठते." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं आपोआप प्रतीची मुभा काढून टाकली. जिथे जिथे गुपचूप प्रत होत होती, त्या प्रत्येक ओळीवर प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर अडून बसला. ती निस्तरत गेली. शेवटी गजराची ओळ उरली. तिथे अण्णांपुरतं 'क्लोन' लिहिलं, तर त्यांचा गजर चालू राहिला असता. तिनं लिहिलं. पण काकांचा दंडक होता, हातानं प्रत काढली की शेजारी कारण लिहायचं.

'घर खायला उठतं,' तिनं लिहिलं.

काकांनी मागून ते वाचलं. एरवी टोमणा मारल्याशिवाय न राहणारा माणूस, आज नुसता खुर्ची ओढून शेजारी बसला. बऱ्याच वेळानं तिनं कारण पुसलं, मग 'क्लोन'ही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजून गेले. फोन गप्प होता. तिला हुंदका आवरेना, आणि त्या हुंदक्यातच तिनं मोठ्यानं हाक मारली, "अण्णा!" ते गेल्यापासून ती पहिलीच. इतके दिवस ही हाक फोनच मारायचा, म्हणून तिनं मारलीच नव्हती.