मिठाच्या पाण्याचा डबा

वाकून वाकून माझ्या कमरेचा काटा ढिला झाला होता, आणि थोरली जाऊ वर मलाच म्हणत होती, "हळू वेच गं. गोगलगाय काय पळून जाते?"

"ती नाही पळत, ताई. कोबी पळतोय."

गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात. आमच्या गोगलगाईंच्या पोटात अख्खा वाफा होता. ओढ्याकाठच्या तुकड्यात दोनदा रोपं लावली, दोनदा त्यांनी देठापर्यंत कुरतडली. तिसरी खेपही गेली तर तुकडा पडीक टाकायचा आणि आम्ही दोघींनी वीटभट्टीवर जायचं, असं भाऊजींनी, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्यानं, सांगून टाकलं होतं. भट्टीवर आम्ही एक उन्हाळा काढलाय. जाऊबाई अजून खोकतात.

म्हणून रोज उजाडताना आणि दिवस मावळताना मिठाच्या पाण्याचा डबा घेऊन आम्ही वाफ्यांतून रांगायचो. सरपटेल ते डब्यात. भाऊजींनी आपला हातभार म्हणून बांधावर रात्रभर जळणारा मोठा दिवा बसवला होता. उजेडानं किडा पळतो, हे त्यांचं ज्ञान. दोन वर्षं गोगलगाई त्या उजेडात निवांत जेवत होत्या.

त्या संध्याकाळी रोपवाला तिसरी रोपं घेऊन आला. टोपली खाली ठेवताना त्याची नजर डब्यात गेली.

"वहिनी, हे काय मारलंत?"

गोगलगाईंमधे चपट्या, काळ्या, खवल्यांच्या अळ्या तरंगत होत्या.

"अळ्या," जाऊबाई अभिमानानं म्हणाल्या. "शेपटीला मिणमिणतात मेल्या, म्हणून झुंजुमुंजूलाही बऱ्या सापडतात."

रोपवाल्यानं कपाळाला हात लावला. "अहो, काजव्याची पिल्लं ही! गोगलगाय खातात. चावून आधी बधिर करतात, मग चाटूनपुसून संपवतात. आणि मिणमिणतात ते बेडकाला सांगायला, की मी कडू आहे, मला खाऊ नको."

"बेडकाला कळलं," मी म्हटलं. "आम्हांला नाही."

जाऊबाई मटकन बांधावर बसल्या. "आणि उडणारे काजवे? हल्ली दिसतच नाहीत."

"या दिव्यामुळं. काजव्याच्या पोटात दोन द्रव्यं असतात. त्यांना हवा मिळाली की उजेड पडतो, आच मात्र नाही. नर उडत उडत आपल्या ठेक्यात लुकलुकतो, मादी गवतातून लुकलुकून उत्तर देते. तेव्हा कुठं जुळतं. या झगझगाटात ती उत्तर देते, पण त्याला दिसत नाही."

"आमच्या घरासारखंच की," जाऊबाई म्हणाल्या.

तेवढ्यात भाऊजी दिवा लावायला आले. जाऊबाई उठून खांबाच्या बटणापुढं उभ्या राहिल्या. वीस वर्षांत मी त्यांना नवऱ्याच्या वाटेत उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"आज दिवा लागणार नाही."

"मग गोगलगाई काय तुझं तोंड बघून जातील?"

"आम्ही वेचू. काजव्यांची पिल्लं गोगलगाई खातात, आणि या दिव्यानं काजवेच गेलेत. ते परत येईपर्यंत तुकडा पडीक टाकायचा नाही."

भाऊजींनी रोपवाल्याकडं पाहिलं. "कधी येतील?"

"अळीचा काजवा व्हायला वर्ष लागतं. कधी दोन."

"दोन वर्षं वाकणार तुम्ही?"

"भट्टीवर काय ताठ उभं राहायचंय?" जाऊबाईंना खोकला आला. भाऊजींनी पुढं केलेला हात मागं घेतला.

"दोन वर्षं," भाऊजी म्हणाले. "एक दिवस वर नाही." आणि बटणाला हात न लावता परत गेले.

अंधारायच्या आत आम्ही रोपं लावली. शेवटच्या वाफ्यात जाऊबाईंच्या बोटाला एक अळी लागली, मिणमिणणारी. त्यांनी ती उचलून एका लठ्ठ गोगलगाईच्या शेजारी ठेवली. "जेव बाई, पोटभर जेव."

तिचं जेवण रात्रभर चालणार होतं. तोवर बाकीच्या दोनशे आम्हांला वेचायच्या होत्या. मी पदर खोचला.