भाकरी खाऊन सांधणी

माझ्या डोक्यात ना देव हुता, ना भूत. पोटात भाकरी न्हवती, एवढंच! पण त्या वडगावच्या सासरघरात ऐकून घेतंय कोण?

आमचं घर विणकराचं. मागावरचा ताणा, म्हंजे उभं सूत, संपत आला की त्याच्या टोकांना नव्या ताण्याचं एकेक टोक जोडायचं. त्याला सांधणी म्हणायचं. काम सुनेचं. आनि सासूबाईंचा, नागुबाईंचा नेम असा, की सांधणी पुरी हुईस्तवर सुनेनं अन्नाला शिवायचं न्हाय. उष्ट्या तोंडानं जोडलेला ताणा तुटतो म्हणं! काळा चहा चालतो, निपाणीच्या तंबाखूची मिश्री चालती, भाकरी तेवढी चालत न्हाय. वा गं बाई नेम!

सकाळपास्नं मान खाली, डोळं ताणलेलं. दुपार झाली की कपाळ असं ठणकायचं की एका धाग्याचं दोन दिसायचं. मग वकारी. सांधणी अर्धीच. लष्कराच्या कॅम्पातल्या गोऱ्या डाक्तराला दावा म्हटलं, तर सासूबाईंनी लिंबू उतरवलं. शेवटी म्हणाल्या, "हिला बाहेरचं लागलंय. माहेरी घालवा, यमनाप्पाला दुसरी करू." यमनाप्पा म्हंजे माझा नवरा. त्यो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून धोटा पुसत बसला!

गुंजीहून माझा थोरला भाऊ भरमूअण्णा न्यायला आला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "उद्या सांधणी हाय. उद्या बी आडवी पडली तर कायमची घेऊन जा."

रातभर माझा जीव जळला. गुंजीत दिवसभर भातलावणी केली तरी डोकं कवा दुखलं न्हाय. तिथं न्याहरी केल्याबिगर कोण चिखलात उतरत न्हवतं. मग हितंच भूत कुठनं आलं?

सकाळी सगळ्यांच्या म्होरं चुलीपाशी बसले. मिश्रीची डबी सारली बाजूला. भाकरी, झुणका, वर तांब्याभर पाणी.

"अगं अवदसे, सांधणीच्या दिशी गिळतीस?" सासूबाई कडाडल्या.

"गिळते की! ताणा तुटला तर माझ्या पायानं जाते. पर उपाशी मरणार न्हाय."

"अंजने, गप की गं," भरमूअण्णा पुटपुटला.

"तू गप. तुझी न्याहरी झालीया."

हात धुऊन सांधणीला बसले. मधी मधी उठून मान मोकळी केली, पाणी प्याले. दिवस कलायच्या आत शेवटचं टोक जोडलं. डोकं थंड! यमनाप्पानं धोटा टाकला. माग खटखट चालू झाला, एक धागा तुटला न्हाय.

सासूबाई कपाळाला फडकं आवळून भिंतीला टेकल्या हुत्या. माझ्यावर नजर ठेवायची म्हणून जागची न हलता त्यांनी दिवसभर नुसती मिश्रीच लावली हुती. "चेटकीण हायेस तू," त्या कण्हल्या.

म्या ताट वाढून त्यांच्या म्होरं आदळलं. "काय म्हणायचं ते म्हणा. आधी खावा."

माझ्याकडं बघितलं न्हाय त्यांनी. भाकरी मातर सगळी खाल्ली.

भरमूअण्णा सांजच्या गाडीनं गुंजीला गेला, एकटाच.