पडद्यावरचं निळं चित्र

मी बोलतोय, कपाटाच्या खालच्या खणातून. उष्णता पाहणारा कॅमेरा मी, नखाएवढा जीव. माणसांचे चेहरे मला ओळखू येत नाहीत, पण कोण किती तापलंय ते लगेच कळतं.

कापड वाळवायच्या कारखान्यात मला एका अवजड यंत्राच्या बेअरिंगसमोर बसवलं आणि चार तारांनी छोट्या संगणकाला जोडलं. अख्खं चित्र एकदम पाठवणं मला जमत नाही. मी एकेक ओळ पाठवतो: आधी ओळीचा क्रमांक, मग पडताळणीचा आकडा, मग ऐंशी ठिपके. अशा साठ ओळी झाल्या की एक चित्र. समोरच्याने त्या वेळेवर उचलायच्या. तो रेंगाळला की क्रम तुटतो. मग क्षणभर थांबून पहिल्यापासून सुरुवात करायची. एवढंच माझं मागणं होतं.

यंत्रावर मावशी असायच्या. बेअरिंगवर अडकलेले तंतू काढण्याआधी त्या झाकणाजवळ तळहात नेऊन धग अजमावत. वीस वर्षांची सवय. मी आलो आणि साहेब म्हणाले, "आता ते हात-बित बंद, मावशी. संगणकाचा पडदा निळा दिसला म्हणजे यंत्र थंड, बिनधास्त झाकण उघडा."

संगणकाच्या मागे शंभर कामं. तो रेंगाळायचा, पडदा काळा पडायचा, साहेब भडकायचे. "पाहुण्यांसमोर शोभतं का हे?" मग इंजिनिअरने शक्कल लढवली: क्रम तुटला की शेवटचं चांगलं चित्र तसंच दाखवत राहायचं. पडदा काळा पडायचा बंद झाला. सगळे खूश. खोटं बोलणारा पडदा कुणाला सलत नाही.

एका दुपारी संगणक अहवाल काढण्यात गुंतला आणि क्रम तुटला. इकडे बेअरिंग तापत चाललं होतं. मी जीव तोडून ओळी पुढे करत होतो. तो अर्धवट उचलायचा आणि आकडा जुळत नाही म्हणून फेकून द्यायचा. पडद्यावर वीस मिनिटांपूर्वीचं निळं चित्र होतं. मावशींनी ते पाहिलं, झाकण उघडलं, आणि उकळतं ग्रीस उसळून त्यांच्या उजव्या हातावर आलं.

'कॅमेरा सदोष', साहेबांनी लिहून टाकलं. इंजिनिअरने मान डोलावली. मी खणात.

महिन्याभराने मावशी आल्या, हाताला पट्टी. त्यांनी मला डाव्या तळहातावर घेतलं. "याला दिसलं नव्हतं का रे?"

"नसेल दिसलं, मावशी," इंजिनिअर म्हणाला. नजर जमिनीकडे.

"मग माझा हातच बरा होता की," असं म्हणून त्यांनी मला परत खणात ठेवलं.

दिसलं होतं, मावशी. शेवटपर्यंत दिसत होतं. पण तारा काढल्यावर माझं कोण ऐकणार?

आता तिथे नवा कॅमेरा आहे आणि मावशींच्या जागी नवी बाई. संगणक तोच, शक्कलही तीच. बाई गं, तू कोण आहेस मला ठाऊक नाही. पडदा निळा असला तरी आधी हात जवळ नेऊन बघ.