अंधारातला कार्यक्रम

टेपवाल्याने माइक जरा खाली घेतला, पुन्हा वर केला आणि चष्मेवाल्याला हाक मारली.

"या आता. खुर्ची ओढू नका हं, करकरते. सगळं टेपवर येतं."

चष्मेवाला रंगमंचावर चढला. त्याची बायको दुसऱ्या रांगेत भिंतीकडच्या खुर्चीत होती. बाहेर पडायचं तर तीन जणांचे गुडघे ओलांडावे लागणार होते, नाहीतर ती केव्हाच उठली असती.

थिएटर एवढंसं होतं. मागच्या रांगेत कुणी शिंकलं तर तिथे वाजवणाऱ्या बँडचा ड्रमवाला मान वर करून बघायचा. तो बँड वर्षातून एकदा इथे यायचा, एखादं गाणं सुरू करायचा आणि वाजवता वाजवता ते असं कुठल्या कुठे न्यायचा की ऐकणाऱ्याला घरचा पत्ता आठवू नये. एकच गाणं दोनदा सारखं कधी वाजलं नाही. त्यामुळे चाहत्यांनी कार्यक्रमांनाच नावं ठेवली होती: तार तुटली तो, बासवाला रुसला तो, आणि सगळ्यांत मोठा म्हणजे अंधारातला. त्या दिवशी अर्ध्या शहराचे दिवे गेले, माइक बंद पडले, ड्रम क्षणभर अडखळला, तरी बँड थांबला नाही. पुढे बँड मोडला. आता थिएटरही पाडायचं ठरलं होतं, म्हणून मंडळी आठवणी टेप करून ठेवायला दुपारची जमली होती. अंधारातल्या कार्यक्रमाला आपण होतो असं सांगणारे इतके निघाले की सगळ्यांचं खरं धरलं तर निम्म्यांना छतावर बसवावं लागलं असतं.

चष्मेवाला त्यातलाच एक. तो त्या कार्यक्रमाला नव्हता, हे त्याच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं.

तिचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. दुसऱ्याची चूक दिसली की तिचा हात शिवशिवायचा. ही चूक मात्र तिने कधी दुरुस्त केली नव्हती. त्या रात्री चष्मेवाला प्रसूतिगृहात होता; तिथलेही दिवे गेले होते. तिकीट खिशात होतं, पण संध्याकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. सातवा महिना. मुलगी झाली, पण रडली नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याने दुकान पुन्हा उघडलं, आणि त्यानंतर त्या दोघांत या विषयाचा एक शब्द निघाला नाही. वर्षभराने पाहुण्यांसमोर त्याने पहिल्यांदा सांगितलं, "मी होतो की अंधारातल्या कार्यक्रमाला!" ती हातातला कप घेऊन आत गेली. तेव्हापासून तो ही गोष्ट सुरू करायचा आणि ती चहा टाकायला उठायची. चहा नको असला तरी टाकायची. आपल्या मुलीची रात्र त्याने बँडला देऊन टाकली, याचा राग तिने इतकी वर्षं जपून ठेवला होता.

आज उठायची सोय नव्हती. शिवाय टेपवाला त्या रात्री खरोखरच कार्यक्रमाला होता, बॅटरीवरचं मशीन मांडीवर घेऊन. ती टेप त्याला तोंडपाठ होती. नवरा चारचौघांत उघडा पडणार, याची तिला धास्ती वाटली. आणि एकदाचा पडू दे, असंही वाटलं.

"दिवे गेले," चष्मेवाला बोलू लागला. "आधी ड्रम थांबला. मग पुन्हा सुरू झाला, अगदी हळू."

लोकांनी माना डोलावल्या. इथपर्यंत सगळ्यांचं एकच होतं.

"मग एक बाई टॉर्च घेऊन आली. आमच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून तिने उजेड जमिनीवर धरला होता. म्हणाली, बसून राहा, घाई नाही."

"टॉर्च?" टेपवाला म्हणाला. "टॉर्च कुठला? काडी ओढली नव्हती कुणी."

"होता," चष्मेवाला म्हणाला. "स्टूल लोखंडी होतं, गार. शेजारचा हात मी धरून ठेवला होता. तो हलत नव्हता, म्हणून मी मधूनमधून दाबून बघायचो. तिकडून उलट दाब आला की बरं वाटायचं."

तो माइककडे बघतच नव्हता. गुडघ्यावर ठेवलेली त्याची मूठ मिटत होती, उघडत होती.

"आणि मग ते थांबलं. मला वाटलं, पुन्हा सुरू होईल. कान लावून बसलो. पण नाही झालं. कुणी टाळी वाजवली नाही."

खुर्च्यांतून हसू फुटलं.

"अहो, काय सांगता!" टेपवाल्याने कपाळाला हात लावला. "छप्पर उडायची वेळ आली होती टाळ्यांनी. टेप लावून दाखवू? तुम्ही नक्की याच कार्यक्रमाला होता, की दुसरीकडेच कुठे?"

चष्मेवाल्याने चष्मा काढला. पुसायला रुमाल शोधू लागला. वरच्या खिशात, खालच्या खिशात. त्याला तो सापडेना.

"नव्हत्या वाजवल्या," भिंतीकडून आवाज आला.

सगळे वळले. ती उभी राहिली होती. शेजारच्याने गुडघे आवरून वाट करून दिली, पण ती जागची हलली नाही.

"वहिनी, टेपवर आहेत हो टाळ्या."

"असतील. आम्ही बसलो होतो तिथे नाही वाजल्या. टॉर्चही होता. मी ह्यांच्या शेजारीच होते."

टेपवाल्याने मशीनवरचं बोट काढलं. लाल दिवा तसाच चालू राहिला.

"तुम्हीसुद्धा होता?" तो म्हणाला. "कमाल आहे. इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत?"

ती रंगमंचाकडे बघत होती. चष्म्याशिवाय तिच्या नवऱ्याला एवढ्या लांबचं दिसत नसे, तरी तो तिच्याच दिशेला बघत होता.

"विचारलं नाही कुणी," ती म्हणाली.