थोरल्या बाबांची मिशी

थोरल्या बाबांच्या, म्हणजे आमच्या राष्ट्राध्यक्षांच्या, वाढदिवसाला आम्हाला पहाटेच स्टेडियमात आणून बसवलं. सगळ्या गावानं रंगीत पुठ्ठे धरून त्यांचा चेहरा उभा करायचा होता. आमच्या बालवाडीतल्या नोकरदार बायकांच्या वाट्याला मिशी आली होती. शिट्टी झाली की काळा पुठ्ठा डोक्यावर धरायचा आणि हसायचं. पुठ्ठ्याखालचं हसू कुणाला दिसणार होतं, देव जाणे.

ऊन डोक्यावर आलं. मला मधुमेह. मी मुख्याध्यापिका ओगुलसापारबाईंना म्हटलं, “बाई, जरा जाऊन येते. आता धरवत नाही.”

“अक्नाबात, तू गेलीस तर मिशीला भोक पडेल.”

“पडू दे की. खऱ्या मिशीला थोडंच पडणार आहे?”

“गप्प बस! लोक देशासाठी जीव देतात, आणि तुला लघवी धरवत नाही?”

शेजारची तावुस खुदकन हसली आणि लगेच घाबरून तिनं पुठ्ठा तोंडावर ओढला.

थोरले बाबा काही येईनात. शेवटी व्हायचं ते झालं. गरम धार झग्यातून खालच्या पायरीवर गेली. तिथल्या बायकांनी मागं वळूनही पाहिलं नाही. नुसते पाय वर घेतले. वास सुटला तशा जास्तच मोठ्यानं ‘बाबा चिरायू होवोत’ ओरडायला लागल्या. त्यांचे ते विचकलेले दात बघून मला माझ्या ओल्या कपड्यांपेक्षा जास्त किळस आली.

मी उठले.

“खाली बस!” बाई दबक्या आवाजात खेकसल्या.

“कुठं बसू? तुम्ही बसून दाखवा इथं.”

फाटकावरच्या शिपायानं अडवायला हात पुढे केला, मग नाक दाबून तो मागे घेतला.

संध्याकाळी अंघोळ करून टीव्हीसमोर बसले. मिशी अखंड होती! मग आमची रांग जवळून दाखवली. तिच्यात मीही हसत होते, आणि माझ्या शेजारी आमच्याच बालवाडीतली अनासोल्तान. ती बिचारी हिवाळ्यातच वारली होती. गेल्या वर्षीचंच चित्रण पुन्हा लावलं होतं मेल्यांनी. म्हणजे यंदा थोरले बाबा आलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत सभा भरली. तावुसनं उभं राहून माझा निषेध वाचला.

मी म्हटलं, “काल टीव्ही सगळ्यांनीच पाहिला ना? कुठं होतं भोक?”

“दिसलं नाही म्हणजे नव्हतं असं नाही,” ओगुलसापारबाई म्हणाल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

“आणि अनासोल्तान? ती दिसली का कुणाला?”

तावुस तेवढी म्हणाली, “कोण अनासोल्तान?”

हीच पोरगी अनासोल्तानच्या मयताला माझ्या गळ्यात पडून रडली होती. मी सभेतून उठले. अंगणातल्या तुतीखाली जाऊन ओकले, एप्रन काढून फांदीवर टाकला आणि घर गाठलं.

आता घरीच तंदूर पेटवते. बालवाडीतल्या त्या बायका अंधार पडल्यावर मागच्या दारानं रोट्या न्यायला येतात. तावुसही येते. “अक्नाबातताई, गरम आहे का?” असं लाडानं विचारते. रोटी मी तिलाही देते. पण हातात देत नाही, ओट्यावर ठेवते.