सगळ्या जनावरांचा एकच दिवस

जनावरांच्या वसतिगृहात धाकटीच्या वाट्याला आजवर जी कामं आली ती सगळी वाकून करायची होती. भांडी विसळायची, पिंजरे पुसायचे, कुत्र्यांचे केस आधी कुत्र्यांच्या अंगावरून आणि मग स्वतःच्या अंगावरून काढायचे. खुर्चीत बसून करायचं पहिलं काम म्हणजे वेबसाइट, आणि तेही आता हातचं जायला निघालं होतं.

वसतिगृह थोरल्या जावेचं. प्रवासाला जाणारी माणसं आपली कुत्री-मांजरं तिच्याकडे सोडून जात आणि वेबसाइटवर प्रत्येक पाहुण्याचं एक पान असे. फोटो, नाव, आणि 'आजचा दिवस' या चौकटीत स्वारी जेवली का, झोपली का, कोणाला चावली का. ही पानं धाकटी एकेक करून हाताने रचायची. कुत्र्याचं पान तयार होईस्तोवर कुत्रा घरी पोचलेला असे.

"शुक्रवारपर्यंत बघते," थोरलीने बजावलं होतं. "नाहीतर त्या कंपनीला देऊन टाकते. त्यांचा माणूस टाय लावून येतो."

"टाय लावला की वेबसाइट चांगली होते का, वहिनी?"

"निदान त्याच्या टायवर मांजराचे केस नसतात."

गुरुवारी सकाळी धाकटीला शोध लागला. वेबसाइट जिच्यावर बनवायची त्या प्रणालीच्या एका कोपऱ्यात 'मांडणी साठवा' असं बटण होतं आणि इतके दिवस ते तिथेच होतं. एक पान नीट रचायचं, त्याची मांडणी साच्यासारखी साठवायची आणि हव्या तितक्या पानांवर तीच ठेवून द्यायची. ठेवताना प्रणालीने एवढंच विचारलं: जोडलेली हवी की सुटी? जोडलेली म्हणजे मूळ साच्यात केलेला बदल सगळ्या पानांवर आपोआप होणार. सुटी म्हणजे ज्याचं त्याच्यापुरतं. एकत्र कुटुंबात लग्न होऊन आलेल्या बाईने सुटी निवडायची म्हणजे घरात चर्चा. तिने 'जोडलेली' दाबलं.

मग मूळ साच्याची तपकिरी किनार हिरवी केली आणि पानं उघडून बघितली. झुपकेदार कुत्रीची किनार हिरवी. पोपटाची हिरवी. कासवाची हिरवी. धाकटी उठली, खोलीत एक फेरी मारली आणि परत बसली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने एक गोष्ट सांगितली होती आणि सगळ्यांनी ती एकदम ऐकली होती. तिने किनार निळी केली, जांभळी केली, परत हिरवी केली. गरज काहीच नव्हती, पण सत्ता हातात आल्यावर थोडी वापरून बघावीशी वाटतेच.

"वहिनी, जरा इकडे या. बघा काय केलंय."

"आंघोळ घालतेय," न्हाणीघरातून आवाज आला.

"कोणाला?"

"आत्ता चावतोय. सोडलं की सांगते."

त्याच भरात धाकटीने लठ्ठ बोक्याचं पान उघडलं. बोका कालपासून खरोखरच खिन्न होता. तिने 'आजचा दिवस'मध्ये मनापासून लिहिलं: 'स्वारी गप्प आहे. खाण्याला तोंड लावलेलं नाही. नजर सारखी दाराकडे. बहुधा तुमची आठवण येते आहे.' फोटो आणि नाव तिने आठवणीने साच्याबाहेर ठेवले होते. ही चौकट मात्र साच्याच्या आतच राहून गेली होती.

पहिला फोन झुपकेदार कुत्रीच्या मालकिणीचा आला. त्या गाणं शिकवायच्या.

"दाराकडे बघतेय? खरंच?" मागे पेटी बंद झाल्याचा आवाज आला. "मी निघाले. वर्ग सोडून दिलाय."

धाकटीने वळून पाहिलं. कुत्री चारी पाय वर करून घोरत होती आणि तिचं भांडं चाटूनपुसून लख्ख होतं. धाकटीने पोपटाचं पान उघडलं. स्वारी गप्प होती. कासवाचं उघडलं. कासवाचीही नजर दाराकडे होती. तोवर बाहेर गाड्या थांबू लागल्या होत्या.

कासवाचे मालक निवृत्त न्यायाधीश होते. ते घरातल्या सपाता घालूनच आले.

"इतकी वर्षं हा माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "कधी मान वर करून बघितलं नाही. आणि आज आठवण."

"साहेब, त्याचं काय झालं, त्याचा टब मुळात दाराकडेच तोंड करून…"

"बचाव नको." न्यायाधीशांनी कासव उचललं. कासवाने ताबडतोब डोकं आत घेतलं. "लाजला," ते म्हणाले आणि त्यांनी रुमाल काढला.

दुपारपर्यंत वसतिगृहात एकटा लठ्ठ बोका उरला. त्याच्या मालकाने, म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी, पान उघडलंच नव्हतं.

आंघोळीतला कुत्राही मालकाच्या हवाली करून थोरली ओल्या बाह्यांनी आली. रिकाम्या पिंजऱ्यांकडे बघत तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू चार ओळींत माझं वसतिगृह रिकामं केलंस," ती म्हणाली. "हे कंपनीलाही जमलं नसतं."

"मी दुरुस्त करते, वहिनी. आत्ताच्या आत्ता." साचा कुठे उघडायचा ते आता धाकटीला झोपेतही सांगता आलं असतं. तिने लिहिलं: 'सकाळचा मजकूर आमच्या चुकीने पडला. क्षमस्व. स्वारी मजेत आहे.' एका दाबात तो सगळ्या पानांवर गेला. आता फोन येणार, पैसे परत मागणार, आणि उद्या टायवाला येणार.

फोन आले.

"इतरांच्या बाबतीत चूक झाली असेल," गाणंवाल्या बाई म्हणाल्या. "आमचीचं खरंच होतं. मला बघून तिने डोळे उघडले. पुढच्या महिन्यात परत ठेवायचीय, पण पान त्याच बाईंनी लिहायचं."

"माझ्या प्रकरणात फेरविचाराची गरज नाही," न्यायाधीश म्हणाले. "कोर्टात आलेले दिवाळखोर सोडले तर कासवाइतकं प्रामाणिक तोंड मी पाहिलेलं नाही. उन्हाळाभरासाठी नाव लिहून घ्या."

पोपटवाल्याने आपल्या बहिणीचा ससाही पाठवायचं कबूल केलं. थोरली फोन घेत होती, मान डोलावत होती आणि दर फोननंतर धाकटीकडे नव्याने बघत होती. शेवटी तिने स्वतःच एक नंबर फिरवला.

"कंपनी का? तुमच्या माणसाला कासवाच्या मनातलं कळतं का हो? नाही ना? मग राहू द्या." तिने फोन ठेवला. "वेबसाइट तुझी. पण प्रत्येकाचा दिवस वेगळा लिहायचा."

धाकटीला एकदम उड्या माराव्याशा वाटल्या. तेवढ्यात परत फोन वाजला. दातांचे डॉक्टर होते.

"आत्ताच पान बघितलं. बोका मजेत आहे म्हणे. छान. मग आणखी आठवडाभर राहू द्या त्याला, मी इथल्या परिषदेला जोडून थोडं फिरून घेतो."

दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं. मग पिंजऱ्याकडे. बोका भिंतीकडे तोंड करून बसला होता.

धाकटीने त्याचं पान उघडलं आणि या वेळी 'सुटी करा' दाबलं. थोरलीने स्टूल ओढलं आणि शेजारी बसली.

"लिही," ती म्हणाली. "खाणं तसंच पडलंय. 'मजेत' खोडून टाक. 'बहुधा'ही नको."

पंधरा मिनिटांत उत्तर आलं. डॉक्टर परिषद अर्धी टाकून निघाले होते.

"निघाले," धाकटी मोठ्याने म्हणाली आणि आनंदाने वळली. बोका भांड्याशी आला होता आणि मन लावून जेवत होता.

"वहिनी, हे लिहू का?"

"उद्या लिही," थोरली म्हणाली.