पिवळी पूड

थोरलीनं पिशवी मिक्सरच्या तोंडाशी नेली आणि न ओतताच खाली ठेवली.

"मास्क आणा, भावोजी. मग ओतते."

दीर पशुखाद्याच्या त्या कारखान्यात मुकादम होता. मास्कचं खोकं त्याच्या कपाटात कुलूपबंद असे. तपासणीला साहेब आले की निघे, साहेब गेले की परत आत. एरवी 'अ' जीवनसत्त्वाची पिवळी पूड बायका नाकाला फडकं बांधून ओतत.

"वहिनी, जीवनसत्त्व आहे ते, विष नव्हे. माणसं विकत घेऊन खातात."

"चिमूटभर खातात. आम्ही दिवसभर हुंगतो. जास्त झालं तर बाधतं म्हणून जनावरांनासुद्धा मापून घालता ना? मग आम्ही काय जनावरांपेक्षा गेलेल्या?"

बायका खुसखुसल्या. दिराचा पारा चढला.

पिशवीवर ठसठशीत छापलं होतं: गरोदर स्त्रियांनी हाताळू नये. इतकी वर्षं थोरलीनं त्याकडे काणाडोळा केला होता. पण आज सकाळीच धाकट्या जावेनं, म्हणजे या मुकादमाच्याच बायकोनं, तिच्या कानात गोड बातमी सांगितली होती आणि वर शपथ घातली होती. मागच्या खेपेला नवऱ्यानं हरखून जगभर दवंडी पिटली, आणि पुढे मूल राहिलं नाही हे एकेकाला सांगताना धाकटीचा जीव मेटाकुटीला आला. आता पक्कं होईपर्यंत कुणालाच कळायला नको होतं. त्यालाही नाही. आणि ती पलीकडेच उभी राहून पिशव्या फोडत होती.

"ते पोटुशीसाठी लिहिलंय," दीर खेकसला. "इथं कोण आहे पोटुशी? तुम्ही?"

थोरलीच्या डोक्यावर काळा केस औषधाला नव्हता. नातवंडं शाळेत जात होती. तिनं कमरेवर हात ठेवले.

"हो, मीच! काय म्हणणं आहे?"

शेड हसण्यानं दणाणली. दीरही हसला आणि हसतच त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. नजर बायकोपाशी अडली. ती हसत नव्हती. थोरलीकडे बघता बघता तिचे डोळे भरून आले होते.

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग भोवतालच्या बायकांकडे पाहिलं आणि मिटलं. मशीन बंद करून तो कपाटाकडे गेला.

"काय झालं हो?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही. वहिनींचा हट्ट, दुसरं काय!" खोकं आपटत तो बायकोवर ओरडला, "आणि तू गं! धड पिशवी फोडता येत नाही तुला. जा, बाहेर पावत्यांवर बस!"

धाकटी खालमानेनं निघून गेली.

"वड्याचं तेल वांग्यावर," एक जण पुटपुटली. "बिचारी!"

थोरलीनं मास्क कानामागे अडकवला.

"भावोजी, खोकं आता बाहेरच राहील," ती म्हणाली आणि तिनं पिशवी उचलली.